बिळी बिळीत
खण आवरताना आज तीन रंगांची ती वायर हाती लागली. आई गेली त्या वर्षी मी बाबांना बेंगळुरूला माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा त्यांनी सोबत जुना व्हिडिओ प्लेअर आणि माझ्या बारशाची कॅसेट आणली होती. टीव्ही भिंतीला चिकटलेला, म्हणून मी मागे हात घालून चाचपतच वायरी खुपसल्या. आई दिसली, तिचे ओठ हलले, पण आवाजच नाही. "पुसला गेला असेल," बाबा हळूच म्हणाले. शेजारच्या अक्का कित्येक पिढ्या इथल्याच मराठी घरातल्या, त्या दारातून म्हणाल्या, "बिळी बिळीत घाल की रे!" मागे तर तीन बिळं होती. त्यातल्या कुठल्या बिळात? मी वायरी उपसून अदलाबदल करत सुटलो, तर होतं ते चित्रही गेलं. "अय्यो, बिळी म्हणजे पांढरी! कन्नडात!" मग टीव्ही ओढून रंगाला रंग जुळवला, आणि आईचा खणखणीत आवाज आला, "अहो, ऐकलंत का?" बाबा "आलो, आलो" म्हणत उठले, थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले, आणि कशाला आलो ते न कळून दारातच उभे राहिले. वायर मी पुन्हा खणात ठेवली. ती जोडावी असं आता घरात काहीच नाही.