पाडव्याचे पंजे

आमच्या घरात दिवाळीच्या पाडव्याला पंजे उमटवतात. ही काही पिढ्यानपिढ्यांची रीत नाही, बायकोनं काढलेली आहे. मुलगी वर्षाची झाली त्या दिवाळीत तिनं मांजरपाटाचा हातभर तुकडा आणला, बशीत गेरू कालवला आणि आम्हा तिघांचे उजवे हात त्यावर दाबले. खाली साल घातलं, फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. तेव्हापासून दर दिवाळीला एक फ्रेम. सोफ्याच्या वरची भिंत भरत आली आहे. मुलीचा पंजा दर वर्षी थोडा वाढतो, आमचे आहेत तेवढेच. येणारा-जाणारा बघतो आणि 'काय छान कल्पना आहे' म्हणतो. मला ते ऐकायला आवडतं. कल्पना माझी नाही हे मी दर वेळी सांगतोच असं नाही.

पहिली काही वर्षं आई या फ्रेमांत नव्हती. ती मंद्रूपला असायची. वडील होते, दोन म्हशी होत्या, आणि पाडवा तर म्हशींचाच सण. तो सोडून ती शुक्रवार पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत कशाला येईल? गावी त्या दिवशी म्हशी धुवायच्या, शिंगं रंगवायची आणि पाठीवर गेरूचे पंजे मारायचे. आईच्या उजव्या हाताला करंगळी नाही आणि तिच्या शेजारचं बोटही नाही. त्यामुळं आमच्या म्हशींच्या पाठीवर तीन बोटांचे पंजे असायचे. एका पाडव्याला एक म्हैस दावं तोडून पार पलीकडच्या वस्तीवर गेली, तर तिथल्या माणसानं ती आणून आमच्या दारात बांधली. "पंजा बगितला की. म्हनलं, ही तर वैनीचीच," असं तो म्हणाला. आई हे ज्याला त्याला हसत सांगायची. तिला तिच्या हाताची लाज कधीच नव्हती. मला होती.

ती बोटं कशी गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे आईनं सांगितलं तेवढं ठाऊक आहे. कडबा बारीक करायचं हातानं फिरवायचं यंत्र आमच्याकडे होतं. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पेंढी आत सारायची. मी सातवीत होतो. शाळेच्या मैदानावर मॅच होती आणि मला बोलावणं आलं होतं. चाक मी फिरवत होतो, आई पेंढी सारत होती. ती दोनदा म्हणाली, "दमानं, दमानं." मी म्हणालो, "तू आवर की लवकर," आणि चाकाला जोर दिला. पुढचं मी आजही स्वतःला पुरतं आठवू देत नाही. तिनं हात पदरात गुंडाळला. वडील धावत आले तेव्हा ती म्हणाली, "माजंच ध्यान न्हवतं." दवाखान्यात तेच, माहेरी तेच. माझ्याकडे तिनं बोट दाखवलं नाही. मी बायकोलाही हे कधी सांगितलेलं नाही.

वडील गेले, म्हशी गेल्या आणि आई आमच्याकडे आली. पहिल्याच पाडव्याला मुलीनं तिचा हात धरून बशीत बुडवला आणि कापडावर दाबला. चार पंजे झाले, त्यांतला एक तीन बोटांचा. आई खूश झाली. "म्हशीपरास कापडावर बरा उटतोय," म्हणाली. बायको आणि मुलगी हसल्या. मीही हसलो, पण माझ्या डोक्यात संध्याकाळी येणारे पाहुणे होते.

माझी नुकतीच बढती झाली होती. आमचे साहेब बायकोला घेऊन फराळाला येणार होते आणि मी सकाळपासून सोफ्यावरची चादर चारदा सरळ केली होती. ते आले, बसले, आणि अपेक्षेप्रमाणे भिंतीकडे बघून कौतुक सुरू झालं. मीच उठून नवी फ्रेम जवळ नेऊन दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई निरखून बघत म्हणाल्या, "हा एक नीट उमटला नाही वाटतं?" त्यांनी साधं विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्या 'अरेरे' म्हणाल्या असत्या आणि चकलीकडे वळल्या असत्या. मी म्हणालो, "हो, मुलीनं हात हलवला." आई ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिनं ताटली टेबलावर ठेवली, पाहुण्यांना "घ्या की," म्हणाली आणि आत गेली. ऐकलंच असणार, आमचा हॉल केवढा तो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. भाऊबीजेला बायको भावाकडे गेली, मुलीला घेऊन आई देवळात गेली. घरात मी एकटा. मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसले आणि कापड बाहेर काढलं. गॅलरीत बशी तशीच पडली होती, गेरू वाळलेला. त्यात पाणी घातलं. ब्रशनं बोटं काढून बघावीत असा विचार होता, पण ती खोटी दिसली असती. मग मी माझीच दोन बोटं गेरूत बुडवली, करंगळी आणि तिच्या शेजारचं, आणि आईच्या पंजात मोकळ्या राहिलेल्या जागी दाबली. बसली. रंग जरा गडद आला, बोटं जरा लांब झाली, पण लांबून कळत नव्हतं. ज्या हातानं चाक फिरवलं त्याच हाताची ती बोटं होती, हे मला तेव्हा सुचलंही नाही. मला फक्त काम फत्ते झाल्यासारखं वाटलं आणि मी हात धुऊन चहा टाकला.

संध्याकाळी मुलगी सोफ्यावर चढली आणि ओरडली, "आजी, तुझी बोटं आली बघ." आई पदराला हात पुसत बाहेर आली. फ्रेमसमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग ती नातीला म्हणाली, "लई वर्सांनी आली की माघारी." हसलीसुद्धा. आणि मला विचारलं, "वाडू का जेवायला?"

मी वाढ म्हणालो.

बायकोला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं एकच वाक्य म्हटलं, "ते काढून टाका आणि आईंशी बोला." मी तिच्यावरच खेकसलो, तुला काय कळतंय म्हणून. माझं हे असंच आहे; चुकलो की माझा आवाज चढतो. फ्रेम भिंतीवर राहिली. त्या वर्षभरात मी सोफ्याच्या त्या फ्रेमखालच्या टोकाला बसायचं सोडलं. चोराच्या मनात चांदणं, आई नुसती भिंतीवरची धूळ झटकायला लागली तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. भाकरी थापताना तिचा हात परातीत फिरायचा, तीन बोटांनीही तिची भाकरी काठापर्यंत सारखी असते, आणि मी समोर बसून खायचो. 'आई, चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. स्कूटरवर जाता-येता मी ते पाठ केलं होतं. यंत्राचंही सांगायचं, फ्रेमचंही, एकदाच सगळं. पुढच्या पाडव्याला पंजे उमटवताना तिचा उजवा हात मीच धरायचा आणि बोलायचं, असं मी ठरवून टाकलं.

या वर्षी पाडवा आला. बायकोनं कापड अंथरलं, गेरू कालवला. मुलीनं आपला हात दाबला, मग बायकोनं, मग मी. साहेब याही वेळी संध्याकाळी येणार होते. आई नवं लुगडं नेसून आली, खाली बसली आणि डावा हात बशीवर धरला.

"आजी, हा नाही, तो," मुलगी म्हणाली.

"ह्योच घे. त्यो नीट उटत न्हाय," आई म्हणाली, आणि उजवा हात तिनं पदराखाली घेतला. मी इतक्या वर्षांत तिला तो हात झाकताना पाहिलं नव्हतं. साहेबांच्या बायकोसमोर नाही, देवळात नाही, कुठंच नाही.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. आई डावा हात पुढं करून माझी वाट बघत होती. मी तिचं मनगट धरलं, हात गेरूत बुडवला आणि पाची बोटं कापडावर सरळ करून दाबली. पंजा छान उमटला. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला आधी बरं वाटलं.