टाचणीकाकूंचं चाक

टाचणीकाकूंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. अंगाने टाचणीसारख्या बारीक, आणि ओठांत सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या. बोलायच्या तेही त्यांच्या फटीतून. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. एकदा ज्याच्या अंगाला टेप लावली, त्याचं माप त्या विसरल्या नाहीत.

त्यांचं विजेवरचं शिलाई मशीन मात्र महिनाभर मुकं होतं. पोटातलं पांढरं दातेरी चाक तडकलं होतं, आणि तसं चाक आता कुठे मिळत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. त्याने एक आरामखुर्ची आणली, मशीनशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आई, फार राबलीस. रविवारी भंगारवाला येतोय. तोवर चालू झालं तर राहू दे, नाहीतर देऊन टाकू." ती खुर्ची दिसली की काकू तोंड फिरवायच्या.

शनिवारी धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "जुन्या गोदामात सगळ्यांसाठी कारखाना उघडलाय म्हणे. हत्यारं त्यांची, हात आपले." दोघींनी मशीन चादरीत गुंडाळलं आणि दोन टोकं धरून निघाल्या.

गोदामाचं दार ढकललं आणि काकू उंबऱ्यातच थबकल्या. एका भिंतीवर पाने, करवती, हातोड्या टांगलेल्या, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचीच आकृती काळ्या रंगात काढलेली. कोणतं हत्यार जागेवर नाही ते आंधळ्यालाही दिसावं. एक आजोबा सायकलच्या चाकाच्या तारा तोलत होते. इस्पितळातली नर्स रंधा मारत होती, आणि कुरळ्या ढलप्यांत तिचे बूट बुडाले होते. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. समोरच्या भिंतीवर मात्र खिळ्यांना नुसती बिघडलेली कामं होती: लंगडं स्टूल, आतल्या बाजूला कान असलेला कप.

"ही कसली शोभा?" जाऊबाईंनी विचारलं.

"इथे पहिली चूक भिंतीवर टांगायची, असा नियम आहे," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. "दुसरा नियम असा की मी हात लावणार नाही. खोला तुम्हीच."

"मी? अहो, तेल सोडून मी यात कधी काही घातलं नाही!"

"म्हणजे ओळख व्हायला जरा उशीरच झाला."

काकूंनी एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. झाकण निघालं. आत दांडे, चाकं, पट्टे एकमेकांच्या कुशीत निजलेले. "बाई गं," त्या पुटपुटल्या, "हे सगळं इतकी वर्षं माझ्यासाठी फिरत होतं?"

तडकलेलं चाक जोडून त्यांनी मापाच्या चिमट्यात धरलं. त्या आकडे सांगत गेल्या, घड्याळजी संगणकात भरत गेले. मग काचेच्या पेटीतलं यंत्र सुरू झालं. रिळावरचा पांढरा प्लॅस्टिकचा दोरा सुईसारख्या टोकातून वितळून खाली उतरत होता. एक फेरा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जिथे काही नव्हतं तिथे दाते उगवू लागले.

"अगं, हे तर शिवतंय!" काकू काचेला नाक लावून म्हणाल्या. "कापड नाही, काही नाही, नुसत्या दोऱ्याचं चाक शिवतंय!" जाऊबाईंनी स्टूल पुढे केलं. काकू बसल्या नाहीत. देवळात आरतीला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या, तासभर.

चाक निघालं, आणि बसेना. दाते दात्यांवर अडले.

घड्याळजींनी मोडकं चाक पुन्हा मोजलं. "काकू, आकडे बरोबर वाचले होते ना?"

"वाचले बरोबर. सांगताना जरा माया सोडली."

"माया?"

"शिवणीत दाबायला जास्तीचं कापड ठेवतो, ती. नेमक्या मापाला कधी कापू नये. उद्या माणूस जाड झालं तर?"

"अहो बाई, चाक कशाला जाड होतंय!" घड्याळजींना हसू आवरेना.

"आमचे कपडे इतके ढगळ का, ते आज कळलं," जाऊबाई म्हणाल्या.

काकू हसल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते, आणि सहाला दार बंद. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. नेमका आकडा सांगताना त्यांची जीभ अडखळत होती. उघड्या अंगाने दारात उभं राहावं तसं वाटत होतं. पण सांगितला. जसाच्या तसा.

दुसरं चाक पावणेसहाला निघालं आणि टक्‌ करून जागेवर बसलं. काकूंनीच स्क्रू आवळले, पायाखालचं पेडल दाबलं. मशीन घरघरलं, आणि त्या घरघरीत त्यांना आपलं अख्खं आयुष्य ऐकू आलं. घड्याळजींच्या एप्रनचा फाटका खिसा त्यांनी तिथेच शिवून दिला. मोठं झालेलं चाक स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगलं, कपाच्या शेजारी.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा आतून मशीनचा आवाज येत होता. मुलगा दारात डोकं खाजवत उभा राहिला आणि शेवटी त्याने रद्दीचा गठ्ठा आणून दिला. आरामखुर्चीही कामी आली. शिवायला आलेल्या कापडांची चवड तिच्यावर हातभर चढली आहे.