पाखऱ्याचा डावा डोळा

माझे सासरे दौलतराव हे महाळुंग्याचे, बैलगाडा शर्यतीतले जुने गाडामालक. गावाच्या चारी बाजूंनी कंपन्या उभ्या राहिल्या, शेतं गेली, पण त्यांचा गोठा जागचा हललेला नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या हाच माझा धंदा, त्यामुळे आमचं दोघांचं कधी फारसं जमलं नाही.

त्यांचा सगळा जीव पाखऱ्यावर, म्हणजे आमच्या शर्यतीच्या बैलावर. यंदा जत्रेत पाखऱ्याचा गाडा पहिल्या नंबरात आला. गाडा सुटायच्या आधी बैलांवर भंडारा उधळायची इकडे रीत आहे, आणि मामांनी तो ओंजळीओंजळीने उधळला. हल्लीच्या भंडाऱ्यात हळद किती आणि रंग किती हे खंडोबालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पाखऱ्याचा डावा डोळा मिटलेला आणि गालावर पाण्याची धार. मामांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चार दिवसांत बुबुळावर पांढरं फूल पडलं. आठव्या दिवशी ते मधोमध खचल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा मामांना न विचारता मीच जनावरांच्या डॉक्टर तनुजाताईंना फोन केला.

त्या आल्या. वय तिशीच्या आत, त्यामुळे मामांनी आधी नाक मुरडून घेतलं. बैलाला बांधल्यावर ताईंनी त्याच्या डोळ्यात एक नारिंगी थेंब टाकला, पाण्याने डोळा धुतला आणि वर निळा उजेड धरला. बुबुळाच्या मधोमध हरभऱ्याएवढा हिरवागार डाग पेटला. मी पुढे वाकून बघायला लागले. कंपनीत लोखंडातली भेग आम्ही अशीच शोधतो, तोच हिरवा रंग, तसलाच उजेड. पण तिथे भाग नापास करून लाल खोक्यात टाकतात. इथे तो भाग माझ्याकडे बघत होता.

"यात काय काय घातलंत, बाबा?" ताईंनी विचारलं.

"काय न्हाई," मामा म्हणाले.

"नीट आठवा. जखम नुसती खोल नाही, ती विरघळत चाललीय. अजून दोन दिवसांत डोळा फुटेल, मग काढूनच टाकावा लागेल. काय घातलंत ते कळलं तर मला काहीतरी करता येईल."

मामा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढली. ती मी लगेच ओळखली. हिवाळ्यात पिंपरीला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मिळालेले थेंब होते ते.

"ह्या बाटलीनं मला नातीचं त्वांड दिसलं, ताई. म्हणलं, त्यालाबी दिसंल. सकाळ-संध्याकाळ मीच घालत हुतो."

ताई रागावल्या नाहीत. "ऑपरेशननंतरची सूज उतरवायला हे चांगलंच औषध आहे, बाबा. पण उघड्या जखमेत गेलं की ते जखम भरूच देत नाही."

मामांनी बाटली गव्हाणीच्या कडेला ठेवून दिली. या माणसाची चूक एकदा तरी पकडायची, असं मला लग्नापासून वाटत होतं. ती अशी हाती आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी पाखऱ्याच्या मानेतून रक्त काढलं. ते गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटलं तेच डोळ्यात घालायचं, सोबत दुसरे थेंब. त्याच्याच रक्तात त्याचं औषध! मग डोळ्याभोवती बधिर करून त्यांनी आतल्या कोपऱ्यातून एक गुलाबी पडदा ओढून काढला. ती तिसरी पापणी. ती बुबुळावरून ताणून त्यांनी वरच्या पापणीला शिवून टाकली. देवाने डोळ्याच्या आतच मलमपट्टी ठेवली होती.

"जलम गेला बैलात," मामा पुटपुटले, "पर ह्यो पडदा कशापायी हाय, त्ये ठावं न्हवतं."

पुढचे तीन आठवडे फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी पाखऱ्याची बाटली असायची. मामांनी दर दोन तासांचा गजर लावून घेतला होता. जेवताना गजर झाला की ते ताटावरून उठायचे, आणि आम्ही त्यांना अडवत नव्हतो.

टाके काढले त्या सकाळी मी सुट्टी टाकली. पापणी बाजूला झाली आणि मी पाहतच राहिले. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात रक्ताची नळी नसते, म्हणून त्यातून आरपार दिसतं. पण आता कडेपासून केसाएवढ्या लाल नळ्या आत सरकत गेल्या होत्या, थेट त्या खड्ड्यापर्यंत, आणि खड्डा भरला होता. काम संपलं की त्या ओसरतात, असं ताई म्हणाल्या. त्यांना वाट कुणी दाखवली असेल?

"जखम भरलीय. पण दिसतंय का, ते बघू." ताईंनी तळहाताने पाखऱ्याचा उजवा डोळा झाकला आणि मामांच्या हातात कापसाचा बोळा दिला. "त्याच्या डाव्या डोळ्यापुढे सोडा. याचा आवाज होत नाही, वाराही लागत नाही. दिसला तरच तो मान हलवेल."

मामांनी बोळा सोडला. पाखऱ्या ढिम्म. मामांचा चेहरा माझ्याने बघवेना.

"पुन्हा सोडा. जरा लांबून."

बोळा तरंगत खाली आला, आणि त्याच्यामागोमाग पाखऱ्याचं तोंड खाली खाली जात जमिनीला टेकलं. त्याने बोळा हुंगला.

मामांनी तो उचलून पुन्हा सोडला. पुन्हा मान खाली. ताई हात धुऊन, चहा घेऊन निघूनही गेल्या. मामा मात्र एका हाताने पाखऱ्याचा उजवा डोळा झाकून कापूस सोडतच राहिले, आणि हमसून हमसून रडत होते.