मांजराच्या पाठीवरचा डाग

इस्त्रीवाल्या मावशींनी वीस वर्षांत एकही सदरा जाळला नव्हता. पण लेकीकडे दोन महिने राहून त्या कामावर परतल्या आणि पहिल्याच दुपारी इस्त्री उरकल्यावर बाईंच्या सयामी मांजराच्या पाठीवर त्यांना तपकिरी डाग दिसला. सायीच्या रंगाच्या त्या अंगावर तो थेट इस्त्रीने करपल्यासारखा! मेलं बोलघेवडं मांजर सारखं इस्त्रीच्या टेबलावर चढून तान्ह्या बाळासारखं केकाटायचं. सवय मोडलेल्या हातून बसला असेल चटका.

आठवडाभर बाईंची चाहूल लागली, की मावशी मांजरावर टॉवेल टाकायच्या. शेवटी बाईंसमोरच त्याने टॉवेल झटकला.

"माझ्याकडून भाजलं, बाई," मावशी कशाबशा म्हणाल्या.

बाई खो खो हसल्या. "अहो, तुम्ही नव्हतात तेव्हा टाके घालायला डॉक्टरांनी तिथले केस काढले होते. या जातीचं अंग जिथे गार पडतं, तिथे केस गडद उगवतात. म्हणून तर कान, पाय, शेपटी काळी! आधीच का नाही विचारलंत?"

"आणि खरंच भाजलेलं निघालं असतं, तर ठेवलं असतंत मला?"

बाईंचं हसू मावळलं. मांजर मात्र पुन्हा टेबलावर चढून केकाटलं.