वहिनींनी अडवलेलं प्रकरण

लिहिता लिहिता थांबायचं, दातात धरलेलं पेनाचं टोपण काढायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि विचारायचं, ‘‘आन ती कुठं हुती तवा?’’ आमच्या शेजारच्या वहिनींची ही सवय. कुणाही थोर पुरुषाची गोष्ट निघाली, की त्यांचा हा प्रश्न ठरलेला. ती म्हणजे त्या थोर पुरुषाची बायको. एकदा आमच्या शाळेत व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. एका सुधारकाने संसार मागे ठेवून गावंच्या गावं कशी पालथी घातली, हे पाहुणे रंगून सांगत होते. प्रश्न आल्यावर ते पाण्याचा पेला शोधू लागले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूरला हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. शेजारी सर आणि वहिनी राहायचे. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, मुलं पुण्याला नोकरीत. वहिनी कळंबच्या. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली, भावाने ऊस लावला. त्या सातवी शिकलेल्या, पण अक्षर असं, की छापील पुस्तकाने मान खाली घालावी.

सरांना वेड एकाच माणसाचं. रशियातला एक थोर लेखक. नाव घेत नाही. भली मोठी दाढी, भल्या मोठ्या कादंबऱ्या आणि उतारवयात घर सोडून जाणं, एवढं सांगितलं की वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. सर त्याचं चरित्र लिहीत होते. त्याची कला आणि त्याचा संसार, दोन्ही एकाच पुस्तकात आणायचे होते. मधल्या काळात त्या लेखकाचा देशच मोडला, स्वस्तातली रशियन पुस्तकं यायची बंद झाली, पण सरांचं लिखाण चालूच राहिलं.

आता सरांच्या अक्षराविषयी. ते अक्षर जगात एकच माणूस वाचू शकत होतं आणि ते माणूस म्हणजे वहिनी. सर सकाळी लिहायचे, वहिनी दुपारी भांडी आवरून ते फुलस्केप कागदावर उतरवायच्या. उतरवता उतरवता त्या सगळ्या रशियन माणसांशी त्यांची ओळख झाली होती. तिकडची लांबलचक नावं मला अजून जमत नाहीत. वहिनींना त्यात काही अवघड वाटायचं नाही. ‘‘आपल्यावानीच हाय की भाऊजी, मधी बापाचं नाव. निसतं जीभ वळवायला येळ लागतो.’’

त्या लेखकाला त्या ‘तुमचा म्हातारा’ म्हणायच्या. त्याच्या लिखाणाविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. त्याच्या कादंबरीत शर्यतीतली घोडी मरते तो प्रसंग उतरवताना त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. तक्रार होती ती संसाराविषयी. म्हाताऱ्याने उतारवयात स्वतःचे बूट स्वतः शिवायला घेतले, हे सरांनी दोन पानं भरून लिहिलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘एक जोड शिवला तर दोन पानं. तिनं डझनावर पोरांची कापडं शिवली, त्येची ओळ कुठं हाय ते दावा.’’

सर नुसते लिहून थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी म्हाताऱ्यासारखं वागायलाही घेतलं. आधी मटण सोडलं. रविवारी वहिनी दोन चुली पेटवल्यासारखा दोन्हीकडचा स्वयंपाक करू लागल्या, कारण घरी येणाऱ्या पाहुण्यांनी काही सोडलं नव्हतं. मग सर आपले कपडे आपणच धुणार म्हणाले. ते साबणाची अख्खी वडी संपवायचे आणि वाळत घालून अभिमानाने आत जायचे. वहिनी ते कपडे गुपचूप काढून पुन्हा धुवायच्या. एकदा सर मेव्हण्याच्या रानात नांगर धरायला म्हणून कळंबला गेले. मेव्हण्याने तोवर बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. सर बांधावर बसून हुरडा खाऊन परत आले. आम्ही हसायचो. वहिनीही हसायच्या, पण थोड्या उशिराने.

अशी काही वर्षं गेली आणि पुस्तक शेवटच्या प्रकरणापाशी आलं. म्हातारा पहाटे घर सोडतो, गाडीत आजारी पडतो, एका आडबाजूच्या स्टेशनावर स्टेशनमास्तरच्या घरात त्याला झोपवतात आणि तिथेच तो जातो. सरांनी हे प्रकरण जीव ओतून लिहिलं होतं. त्यात असं होतं, की पत्नीच्या त्राग्यामुळे त्या महात्म्याला स्वतःच्याच घरात जागा उरली नाही.

त्या दुपारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. वहिनींनी पेन बंद केलं.

‘‘ह्ये मी न्हाय उतरवणार,’’ त्या म्हणाल्या.

‘‘का?’’ सरांनी विचारलं.

‘‘ती कुठं हुती तवा?’’

‘‘अगं, स्टेशनवरच होती. बातमी कळल्यावर धावत आली. पण शिष्यांनी तिला आत सोडलं नाही. म्हाताऱ्याची शुद्ध हरपल्यावर सोडलं. लिहिलंय की मी.’’

‘‘एका ओळीत लिवलंय. म्हाताऱ्याची ती जाडजूड कादंबरी तिनं पुन्यांदा पुन्यांदा उतरवली, तवा तुमच्या हातात आली. तिला एक ओळ?’’

‘‘बाहेर उभं राहून तिला काय वाटलं, ते मी कुठून आणू?’’ सर वैतागून म्हणाले.

‘‘मंग ऱ्हाऊ द्या,’’ म्हणून वहिनी चहा ठेवायला उठल्या.

ऱ्हाऊ द्या म्हणजे राहिलंच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बोलणं, जेवणखाण सगळं नेहमीसारखं; फक्त दुपारी वहिनी लिहायला बसत नव्हत्या. प्रकाशकाचे निरोप येऊ लागले. खरं सांगायचं तर मला तेव्हा वहिनींचाच राग यायचा. माणसाचं आयुष्यभराचं काम एका बाईच्या हट्टापायी अडावं, असं वाटायचं. तसं मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं. ‘‘व्हय, अडलंय खरं,’’ एवढंच त्या म्हणाल्या आणि शेंगा निवडू लागल्या.

शेवटी सरांनी वेगळी वाट काढली. बारामतीला एक कॉम्प्युटरवाला होता. त्याच्या शेजारी बसून सर स्वतः प्रकरण वाचून दाखवणार आणि तो टाइप करणार. सर सकाळच्या एसटीने गेले. संध्याकाळी परत आले तर घराला कुलूप. किल्ली आमच्याकडे होती. वहिनी माझ्या बायकोला सांगून गेल्या होत्या, ‘‘कळंबला जाते. चपात्या डब्यात हायत, आमटी गरम करून घ्या म्हणावं.’’

सर दोन दिवस ताठ राहिले. ‘‘येईल,’’ म्हणाले. आठवडा उलटल्यावर एका सकाळी माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ‘‘कळंबला येता का जरा?’’

आपल्याकडे जावई सासरी गेला, की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. जावई साठीचा असो, सत्तरीचा असो, वाकळ अंथरली जाते, पाय धुवायला पाणी येतं, चहा आधी आणि बोलणं नंतर. आम्ही पोचलो तेव्हा मेव्हणे दारातच आडवे उभे. बिचाऱ्यांचं तोंड बघवत नव्हतं.

‘‘दाजी, आत या म्हनायचं हाय मला. पर ताई नगं म्हनती. भाइरच बसू द्या म्हनती.’’

‘‘बाहेर?’’

‘‘व्हय. आपल्या घरात असलं कवा झालं न्हाय, पर आता काय करू? हितं बसा.’’ त्यांनी लिंबाखाली बाज टाकली आणि मान खाली घालून रानात निघून गेले.

आम्ही बसलो. पाणी नाही, चहा नाही. शेजारपाजारची माणसं कुंपणावरून बघून जात होती. जावई बाहेर आणि घराचं दार लोटलेलं, हे दृश्य त्या वस्तीने कधी पाहिलं नसावं. सर आधी चिडले. थोड्या वेळाने उठून खिडकीपाशी गेले. गजाआड वहिनी पाठमोऱ्या बसून मटकी निवडत होत्या. ‘‘अगं,’’ सर म्हणाले. हात थांबला नाही. सर पुन्हा येऊन बाजेवर बसले. असं ते कितीदा तरी उठले आणि बसले. मी आपला मेंढरांच्या वाड्याकडे बघत राहिलो. त्या वेळी मला सरांची दया आली आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

ऊन कलल्यावर दार उघडलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. सरांच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसल्या.

‘‘काय दिसलं खिडकीतनं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पाठ,’’ सर म्हणाले.

‘‘आन?’’

‘‘उजवा हात हलत होता. तोंड दिसलं नाही. मी दोनदा वाकून बघितलं.’’

‘‘काय वाटलं?’’

सर पाणी प्यायलेच नव्हते. तांब्या तसाच धरून ते म्हणाले, ‘‘इतकी वर्षं एका घरात काढली, आणि आत जायला मला कुणाची तरी परवानगी लागते, असं वाटलं. लोक बघत होते त्याची लाज वाटली. मग ती पण वाटेनाशी झाली. एकदा तोंड दिसावं, एवढंच राहिलं.’’

वहिनींनी पदराने डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘तेवढं लिवा. मी उतरवते. चला, हात धुवा, भाकरी टाकते.’’

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. शेवटचं प्रकरण सरांनी सगळं नव्याने लिहिलं होतं. त्यात खिडकीबाहेर उभी असलेली एक म्हातारी आहे आणि आत झोपलेल्या माणसाची पाठ आहे. पुण्याच्या एका समीक्षकांनी पत्र पाठवून विचारलं, की पत्नीच्या मनःस्थितीचं हे वर्णन कोणत्या साधनावर आधारलेलं आहे. सरांनी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, ‘आधार भक्कम आहे.’ अर्थात ते उत्तर समीक्षकांना वाचता आलं नसणार.

वहिनी त्यानंतर तीनच वर्षं होत्या. बारामतीच्या दवाखान्यात शेवटचे दिवस त्यांना कुणाची ओळख पटत नव्हती. अतिदक्षता विभागाबाहेर बाकडी होती, त्यावर आम्ही, मुलं, सुना, कळंबचे भाऊ असे सगळे बसून असायचो. सर आत. भेटायची वेळ संपली, की नर्स त्यांना बाहेर जायला सांगायची. शेवटच्या दिवशी तिने दोनदा सांगितलं, मग डॉक्टर आले, त्यांनीही समजावलं. सर आवाज न चढवता म्हणाले, ‘‘मी बाहेर बसून आलोय एकदा.’’

डॉक्टरांना काही कळलं नसावं. पण त्यांनी स्टूल आणायला सांगितलं आणि सर पलंगाच्या त्या बाजूला जाऊन बसले, जिकडे वहिनींचं तोंड होतं.