झोपेतला सौदा

झोपलेल्या माणसाच्या मेंदूची हालचाल पाहून, त्याची आठवण पुढे दगा देईल का, याचा अंदाज डॉक्टर आधीच बांधू पाहतात, असं मी अलीकडे वाचलं. वाचून जुना राग परत वर आला. सत्तरच्या दशकात एका माणसापुरता हा अंदाज मीही बांधला होता, शेलूबाजारच्या बैलबाजारात, कडुनिंबाखाली बसून. त्याबद्दल सख्ख्या बहिणीने मला घराबाहेर काढलं.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, बैलांचे दलाल. मी त्यांच्याकडे दोर धरायला लागलो आणि स्वतःच्या जिभेवर त्यांच्या बरोबरीला आलो. अर्थात भाव ठरवताना जिभेचं काम नसे. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात धरून बोटं दाबत, आणि तोच भाव. पाहणाऱ्यांना जे काही कळायचं ते चेहऱ्यावरून, आणि भाऊजींच्या चेहऱ्यावरून तर बैलालाही काही कळत नसे.

दुपारी भाकर-ठेचा खाऊन ते झाडाखाली आडवे होत. डोळा लागला की थोड्या वेळाने त्यांची बोटं हलू लागत. झोपेतही सौदा चालूच! "नाई जमत... आधी दात पाह्य," असं पुटपुटत. एकदा गंमत म्हणून मी त्यांच्या हातात हात दिला आणि बोटं दाबली. त्यांनी लगेच चढा भाव दाबला. मी उतरवला, ते हटले नाहीत. मग मला नादच लागला. जागेपणी ते मला थोडं तरी सोडत, झोपेत कधीच नाही. घासाघीस मी खरी तिथे शिकलो.

एका उन्हाळ्यात ती बोटं थांबली. झोप लागे, पण तुटक. पुटपुटणं बंद. मी हात दाबला की तो नुसता कणकेच्या गोळ्यासारखा पडून राही. बाजारामागून बाजार असेच गेले. जागेपणी मात्र माणूस ठणठणीत, शिव्याही पहिल्यासारख्याच कडक. तरी माझ्या मनाला पटेना. ताईकडे गेलो.

"ताई, भाऊजीले एकटं बाजारात पाठवू नको. त्याहिच्या झोपीत फरक पडला."

ती भाकरी थापत होती. "कायचा फरक?"

"झोपीत सौदे करत नाईत आता."

तिचा हात थांबला. "माह्या नवऱ्याच्या झोपीवर टपून राह्यला काय रे तू? धंदा पायजे तुले, सरळ सांग ना!"

"धंदा पायजे असता तं सांगाले कायले आलो असतो?"

"एवढा शहाणा हायेस तं वैद्य हो, बापा! निघ! निघ म्हणते ना!"

मीही तापट. चहा तसाच ठेवून उठलो आणि दारातून ओरडलो, "घरची जोडी गेल्यावर बोलावशील मले!"

झालंही तसंच. पोळा झाल्यावर भाऊजी एकटेच खाचर, म्हणजे लहान बैलगाडी, जुंपून बाजाराला आले. कोणीतरी घरच्या जोडीचा भाव विचारला. भाऊजींनी दुपट्ट्याखाली हात दिला आणि मातीमोल भावात ती देऊन टाकली. ताईने वासरांपासून वाढवलेली जोडी! मी धावत पोचलो तेव्हा ते रिकाम्या खाचराजवळ उभे होते. मला म्हणाले, "साळेबुवा, आपले बैल कोठी गेले?"

गिऱ्हाईक म्हणालं, "हात सुटला, सौदा झाला." बाजाराचा नियम तोच होता. त्यावर वाद चालला नसता.

"बरोबर हाये," मी म्हटलं. "जोडी ने. पण धनीही संगं ने. दोन टाइम भाकर दे, वाट चुकला तं शोधून आण. पुढच्या बाजारी पाहाले येतो मी, बराबर खाऊ घालतं का नाई ते."

लोक हसले. त्या माणसाने भाऊजींकडे एकदा नीट पाहिलं आणि मुकाट दोर माझ्या हातात दिले.

खाचर मीच हाकत नेलं. ताई दारात उभी होती. "तुझं खरं होतं" एवढे तीन शब्द मी तिच्याकडे मागत होतो. ती म्हणाली, "पाय धू. जेवाले बस." त्यानंतर भाऊजी बाजाराला आले ते माझ्याच शेजारी बसून.

पुढे एकदा तिने मला सांगावा धाडला. तिच्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं होतं. गेलो तर बाजेवर पडून म्हणाली, "बस इथं. मी झोपते, पाह्य जरा."

"म्हंजे माह्यं खरं होतं ना तवा?"

"पाहाचं तं पाह्य, नाई तं जाय."

तिचा डोळा लागला. बराच वेळ काही नाही. मी बाजेजवळ सरकलो. मग तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले आणि स्पष्ट ऐकू आलं, "वैद्य हो, बापा! निघ!"

भांडण तिला शब्द न शब्द पाठ होतं. मी निश्चिंत मनाने उठलो आणि चुलीवर चहा ठेवला.