मारुतीच्या दोन चिठ्ठ्या

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. मी तिथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचो. पाण्यासाठी वानरं आमच्या टाकीपर्यंत यायला लागली होती.

एका सकाळी समोरचा किराणा दुकानदार पत्र्याने पाय कापलेलं, निपचित पडलेलं वानर पोत्यात गुंडाळून घेऊन आला. गुरांचे डॉक्टर छावणीवर गेलेले. शेवटी आमच्या सर्जननी टाके घातले आणि मी, नसती उठाठेव म्हणा, त्याचं रक्त काचेच्या बारीक नळीत घेतलं. दर अर्ध्या मिनिटाला नळीचा तुकडा मोडायचा. दोन तुकड्यांमध्ये रक्ताची तार धरली की रक्त गोठलं. मग माझ्या बोटाचंही घेतलं. माझी तार चौथ्या मिनिटाला आली, वानराची त्याच्याही जरा आधी. मला कोण आनंद! माणूस आणि वानर सारखेच, असं व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत सुटलो.

निकालाच्या चिठ्ठीवर 'वानर' लिहायला लागलो, तर दुकानदाराने हात जोडले. "तसं नका लिवू साहेब. मारुती लिवा." लिहिलं. आपलं काय जातंय!

त्याच दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जवळच्या मुरुडहून आलेल्या तरुणाचं नावही तेच होतं. त्याची नळी मी मोडत राहिलो. बारा मिनिटं झाली तरी तार धरेना. तशी चिठ्ठी लिहून ठेवली आणि हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो, तर बारा मिनिटांची चिठ्ठी टेबलावरच. शिपायाने वानराची नेली होती.

मी अनवाणीच धावलो. तरुण टेबलावर झोपलेला, सर्जन हातमोजे चढवत होते. "थांबा," एवढंच ओरडता आलं. ऑपरेशन थांबलं. नंतर खाल्लेली बोलणी वाजवी होती.

त्याची आई व्हरांड्यात बसली होती. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. तिचं माफीकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजी त्या वानराचं रगत थांबतंय, अन् माझ्या लेकराचं न्हाई?"

"हो."

"मग त्येचंच थोडं घाला की ह्याला. सकाळी तुमीच म्हनलाव ना, सारखंच हाय म्हनून?"

तिचा चेहरा एकदम उजळला होता, आणि तिला नाही म्हणायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.